आधी फूल मोजा, मग कागद कापा

या अंकात लहान मुलं आणि फुलं या विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना धरून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या पहिलीच्या वर्गात कुठलंही फूल काढायला सांगितलं की मुलं मधे एक गोल आणि भोवती पाच गोल पाकळ्या काढतात. हस्तकलेच्या तासाला कागदाची फुलंही तशीच होतात. सुरुवात कुठून करावी? — शिक्षिका, बेळगाव

चित्र आणि कात्री दोन्ही बाजूला ठेवा आणि दोन मुलांत एक जास्वंद द्या. एकेरीच घ्या. दुहेरी जास्वंद दिसते छान, पण तिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मोजणीचा गोंधळ होतो. फूल सकाळचं ताजं हवं, संध्याकाळपर्यंत ते मिटायला लागतं.

खालून वर मोजत जायचं. देठाशी बारीक हिरव्या पट्ट्यांचं एक कडं असतं, त्यात सहा-सात पट्ट्या सापडतात. त्याच्या वर हिरवी वाटी, तिला पाच टोकं. मग पाच लाल पाकळ्या. पाकळी बुडाशी धरून एकेक करून खाली ओढायची. मुलं सगळ्या पाकळ्या मुठीत धरून खेचतात, मग मधली नळीही त्यांच्याबरोबर निघून येते आणि पुढचं बघायला काही उरत नाही. पाकळ्या निघाल्या की मधली लांब नळी दिसते. तिच्यावर पिवळे दाणे असतात आणि टोकाला पाच लाल ठिपके. दाण्यांना बोट लावून ते काळ्या कागदावर टेकवलं की परागांचा ठसा उठतो. ही नळी टाचणीने उभी चिरायची, तेवढं काम तुम्ही करा. आत एक पांढरट धागा असतो, तो टोकाच्या ठिपक्यांपासून थेट बुडाच्या हिरव्या गाठीपर्यंत जातो. ती गाठ ब्लेडने आडवी कापून भिंगाखाली धरा, पाच कप्पे दिसतील.

बागेतल्या जास्वंदीला फळ सहसा धरत नाही, म्हणून ‘गाठीचं पुढे काय होतं’ हे तिच्यावर दाखवता येत नाही. त्यासाठी भेंडी आणा. भेंडी जास्वंदीच्याच कुळातली. फूल पिवळं, मधे गडद मरून डोळा, बांधणी तीच. त्या फुलातली गाठ वाढली की भेंडी होते. भेंडी आडवी कापली की तेच कप्पे आता डोळ्यांना सहज दिसतात. कापलेला तुकडा रंगात बुडवून ठसे काढायला द्या. निबर भेंडीचा ठसा स्वच्छ येतो. कोवळी चिकट असते आणि रंग पसरतो, तेव्हा कापून पंधरा मिनिटं सुकू द्या.

कागदाचं फूल आता करायचं आणि ते मोजणीप्रमाणेच : पाच हिरवी टोकं, पाच लाल पाकळ्या, मधे कागदाची सुरळी, तिला खळ लावून हळद चोळलेला रवा, टोकाला पाच लाल ठिपके. पाकळ्यांना क्रेप कागद घ्या. त्याच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीच्या दिशेने ठेवून कापा, म्हणजे अंगठ्याने रुंदीकडे ताणल्यावर पाकळीला खोलगट आकार येतो. आडव्या सुरकुत्यांची पाकळी नुसती लांब होते आणि लोंबते. खळ घरची पुरते : दोन चमचे मैदा, एक कप पाणी, सतत ढवळत मंद आचेवर. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं, मुलांच्या खळीत ते अजिबात नको.

काढलेल्या लाल पाकळ्या टाकू नका. पाच-सहा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा आणि तीन वाट्यांत ओता. एकीत लिंबाचे चार थेंब टाकले की रस गुलाबी-लाल होतो. दुसरीत चिमटीच्या अर्धा खायचा सोडा घातला की हिरवट होतो. तिसरी वाटी तुलनेसाठी तशीच राहू द्या. रस सुरुवातीलाच निळसर दिसला तर पाणी बोअरचं आणि क्षारयुक्त असेल, तेव्हा प्यायचं गाळलेलं पाणी घेऊन पुन्हा करा. रस त्याच दिवशी संपवायचा, ठेवला की तपकिरी पडतो.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीच्या मागेच रान आहे. पावसाळ्यात ते फुलांनी भरतं. पंचवीस मुलांना न्यायचं तर भीती वाटते. — अंगणवाडी सेविका, खानापूर तालुका

लांब जाऊ नका. दोनशे पावलं पुरतात आणि चाळीस मिनिटांहून जास्त वेळ ही मुलं टिकत नाहीत. पाच-पाचचे गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस द्या. पाऊस थांबून उन्हाची तिरीप आली की निघा, म्हणजे फुलं उघडलेली असतात. घाटाकडच्या गावांत जळवा असतात, तिथे पायमोजे घालून न्या आणि परतल्यावर पाय तपासा.

मुलांना ‘फुलं बघा’ म्हटलं तर ती पळत सुटतात. त्यांना काहीतरी काम द्या. काचेची नको, प्लास्टिकची एक मोठी बांगडी द्या. बांगडी गवतावर ठेवायची आणि आत जेवढं फुललंय तेवढंच बघायचं. किती फुलं, किती रंग, किडा कुणावर बसलाय? दुसरं साधन अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. त्याच्या खळग्यांना वेगवेगळे रंग द्यायचे आणि खाली पडलेली त्या रंगाची पाकळी त्या खळग्यात ठेवायची. मनगटावर उलटा चिकटपट्टा बांधायची युक्ती पावसाळ्यात चालत नाही, ओल्या पाकळ्या त्याला चिकटत नाहीत.

तेरडा मात्र जवळून दाखवाच. फुलाच्या मागची बारीक वाकडी शेपूट म्हणजे मधाची नळी. पुढे बोंडं पिकली की त्यांना नुसतं बोट लागलं तरी ती फुटून बिया उडतात. मुलं यापुढे तासभर हलत नाहीत, हे आधीच धरून चला. गौरीला तेरडा घरात येतोच. त्यातली एक फांदी पेल्यात ठेवून रोज रंग टिपायला सांगा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मुलं स्वतःच तपासतील.

हात लावायचा नाही ते निघण्यापूर्वी दाखवा : कण्हेर (लाल आणि पिवळी दोन्ही), धोतरा, रुईचा चीक, कळलावी, टणटणीची हिरवी फळं. काँग्रेस गवतात बसू देऊ नका, अंगाला खाज सुटते. खाजकुइरीच्या शेंगा थंडीत पिकतात तेव्हा त्या बाजूला फिरकूच नका. नियम दोनच सांगा : रानातलं काही तोंडात नाही आणि हात डोळ्याला नाही. आल्यावर साबणाने हात धुवायचे. तुमचं गाव भीमगड अभयारण्यात असेल तर आत काहीही तोडता येत नाही, तिथे फक्त बघा आणि चित्र काढा.

प्रश्न : मुलीने वहीत फुलं दाबून ठेवली, आठवड्यात सगळ्यांना बुरशी आली. — पालक, निपाणी

फूल ओलं होतं, हवा ओली होती आणि वहीचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही. वर्तमानपत्र घ्या. पाऊस नसलेल्या दिवशी अकराच्या पुढे, दव गेल्यावर फुलं तोडा. चार घड्यांच्या कागदावर फुलं एकमेकांना न लागता मांडा, वर तेवढाच कागद आणि त्यावर पाटा किंवा पाच-सहा किलोचं ओझं. पहिले चार दिवस कागद रोज बदला, मग एक दिवसाआड. आठ-दहा दिवसांत काम होतं. मुलं नेमका हा कागद बदलायचाच कंटाळा करतात, तेव्हा तेवढं तुम्ही लक्षात ठेवा.

सदाफुली, कॉसमॉस, सोनकी, गोकर्ण, गवताचे तुरे ही चपटी फुलं चांगली दबतात. जास्वंद पाणीदार असते, ती काळपट होते. अख्खा झेंडू तर दाबूच नका, मधे कुजतो; त्याच्या पाकळ्या सुट्या करून दाबा. घाई असेल तर दोन कोऱ्या कागदांत ठेवून कमी तापलेली इस्त्री दहा सेकंद, थंड होऊ द्या, पुन्हा दहा सेकंद. वाफ बंद हवी. चिकटवताना फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून ब्रशने लावा. घट्ट लावलं तर वाळताना पाकळी आक्रसते. निळा रंग उन्हात उडतो, म्हणून गोकर्णाचं कार्ड खिडकीत लावू नका.

प्रश्न : पांढऱ्या शेवंतीला रंगीत पाण्यात ठेवलं, रंग चढलाच नाही. — पालक, संकेश्वर

बहुधा रांगोळीचा रंग घेतला असणार. तो विरघळत नाही, तळाशी बसतो. अर्धा कप पाण्यात पाव चमचा खायचा रंग घाला. देठ पंधरा सेंटिमीटर ठेवा, त्याचं टोक पाण्याखाली धरून तिरकं कापा, नाहीतर देठात हवा अडकते. दोन पानं राहू द्या, पानांतून पाणी उडतं तेव्हाच खालून रंगीत पाणी वर ओढलं जातं. दमट हवेत हे सावकाश होतं, फूल पंख्याखाली ठेवा. सकाळपर्यंत पाकळ्यांच्या कडांना रंग दिसेल.

प्रश्न : नातू कन्नड शाळेत जातो. मी जास्वंद म्हणते, तो दासवाळ म्हणतो आणि मलाच चूक ठरवतो. — एक आजी, चिकोडी तालुका

आजी, दोघंही बरोबर. दाबलेल्या फुलांची कार्डं करा आणि एका बाजूला तुमचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचं लिहा. मोगरा-मल्लिगे, शेवंती-सेवंतिगे, झेंडू-चेंडू हूवु, सोनचाफा-संपिगे, अबोली-कनकांबर, पळस-मुत्तुग, कमळ-तावरे. तुम्ही मराठी नाव वाचा, त्याने कन्नड सांगायचं, मग उलट. एक-दोन नावं सारखीच निघतात, पारिजातकाचं तसंच आहे. तिथे त्यालाच हसू येईल.

प्रश्न : गेल्या दसऱ्याच्या हारातला झेंडू मुलांनी पेरला, एकही उगवला नाही. — पालक, हुक्केरी

हाराची फुलं ताजी तोडलेली असतात, त्यातलं बी कच्चं असतं. एक झेंडू उघडून मुलांना दाखवा. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक छोटं फूलच आहे आणि त्याच्या बुडाशी काडीसारखं बी असतं. पांढरं, मऊ असेल तर कच्चं. काळं आणि कडक असेल तरच पेरायचं. म्हणून दोन-तीन फुलं झाडावरच तपकिरी होईतो राहू द्या. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. आठवड्याच्या आत कोंब येतात, फुलं यायला साधारण दोन महिने लागतात. दसऱ्याला फुलं हवी असतील तर जुलैच्या मध्याला पेरा. संकरित झेंडूच्या बियांतून आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा.