विहिरीच्या पाण्यावरच विहिरीची मोटर चालंल का?

प्रश्न (औसा तालुक्यातले एक शेतकरी): नमस्कार सर, आमच्याकडं शेतीला थ्री फेज लाईट आठच तास राहते, त्यातबी रात्रपाळी. गावात एक जण येऊन म्हणायलाय की मोटरनं पाणी वरच्या टाकीत घ्यायचं, तिथून पाइपानं खाली सोडून डायनामो फिरवायचा आन् त्याच डायनामोवर मोटर चालवायची, मधी फ्लायव्हील म्हणजे जड चाक बसवलं की परत बंदच पडत नाही म्हणं. व्हिडिओ दाखवला, त्यात चालू होतं. ८० हजार मागायलाय, २० हजार आधी. देऊ का?

उत्तर: दादा, देऊ नका. कारण जरा सविस्तर सांगतो, कारण तो माणूस परत येणार आणि तेव्हा त्याच्यापुढं हिशोब तुम्हाला मांडता आला पाहिजे.

हजार लिटरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा. पाणी झालं हजार किलो, विहीर समजा २० मीटर, म्हणजे ६५ फूट. ते वर आणायला लागणारी ऊर्जा म्हणजे वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, झाले १ लाख ९६ हजार ज्यूल. आकडा मोठा दिसतो, पण लाईटबिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल असतात, म्हणजे हे सगळं मिळून ०.०५४ युनिट. भरलेली अख्खी टाकी परत विहिरीच्या तळापर्यंत सोडली आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी तिच्यातून ९ वॉटचा एक एलईडी बल्ब सहा तास जळंल, बस एवढंच. तुमची ५ एचपीची मोटर तासाला चार युनिटच्या आसपास खाते.

आणि वाया जातंच. मोटर गरम होते, पाइपात घर्षण होतं, फूटव्हॉल्व्हला, बेंडला पाणी अडतं. आपल्याकडचा बरा पंपसेट विजेच्या शंभर भागातले ४५च कामी लावतो असं धरा, म्हणजे ती टाकी भरायला ०.१२ युनिट गेलं. उतरताना छोटं टर्बाइन आणि डायनामो मिळून निम्मं जरी पकडलं तरी हातात ०.०२७ आलं. रुपया घातला आणि पुरते चार आणेही परत आले नाहीत, त्या चार आण्यात पुढची टाकी कशी भरणार?

फ्लायव्हीलचं म्हणाल तर ती कणगी आहे. जेवढी ज्वारी भरली तेवढीच निघते, कणगीत ज्वारी पिकत नाही. डायनामोचं मात्र हातानं करून बघा, पोरांच्या मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर काढा आणि तिची दांडी चिमटीत धरून फिरवा, हलकी फिरते. आता तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून जोडा आणि परत फिरवा, बोटाला जड लागंल. वीज वाहायला लागली की तिचं चुंबकत्व फिरण्याला उलटं ओढतं. जेवढी वीज घ्याल तेवढं ते जड होतं, म्हणजे वीज तुमच्या बोटाच्या जोरातूनच येते, दुसरीकडून कुठून येत नाही. आपोआप चालणारी यंत्रं तपासणंच पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ साली बंद केलं होतं, इतका हा दावा जुना आहे.

तो म्हणंल की पैठणला जायकवाडीवर पाणी परत वर चढवायचं मशीन आहे ना. आहे, १२ मेगावॉटचं, दोन्हीकडं चालणारं. पण ते वीज साठवायला आहे. ग्रीडमध्ये वीज शिल्लक असताना पाणी वर घ्यायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं, अशा फेरीत थोडी वीज जातेच. येलदरी धरणावरच्या वीज केंद्राचं २२.५ मेगावॉट खरं उत्पादन आहे, कारण ते पाणी सूर्यानं वाफ करून वर नेलं आणि पावसानं धरणात आणून टाकलं, पंपाचा खर्चच नाही.

त्या माणसाला एवढंच म्हणा, मशीन माझ्या शेतात आण, २ हजार वॉटचा पाणी तापवायचा हीटर लाव, कुठलीच वायर बाहेरून न घेता आणि आत बॅटरी नाही हे उघडून दाखवून दिवसभर चालव, मग पैशाचं बोलू.

प्रश्न (अंबाजोगाईची विद्यार्थिनी): परळीच्या वीज केंद्राचे संच २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवले होते. वीज तर कोळशाची, मग पाणी एवढं कशाला?

उत्तर: ताई, कोळशाची शंभर भाग उष्णता घेतली तर वीज साधारण ३५ भागच होते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ थंड करून तिचं परत पाणी करावं लागतं, नाहीतर पुढच्या वाफेला ढकलायला जागाच राहत नाही, आणि ती काढलेली उष्णता कुलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून हवेत सोडतात. त्या जाड टॉवरमधून निघणारा पांढरा लोट धूर नसतो, आपलं पाणी असतं. २०१५ च्या केंद्राच्या नियमात जुन्या केंद्रांना युनिटमागं साडेतीन लिटरची मर्यादा आहे. त्या हिशोबानं २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण जोरात चालला तर तासाला पावणेनऊ लाख लिटर पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तिच्यात साधारण पाच लाख लिटर होतं. दुष्काळी भागात कोळशाचं केंद्र चालवायचं म्हणजे काय ते या दोन आकड्यांत दिसतं.

प्रश्न (जिंतूर): सोलर पंप फेब्रुवारीपेक्षा मे महिन्यात पाणी कमी फेकतो, ऊन तर जास्त असतं ना?

उत्तर: पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. त्याचे वॉट २५ अंशाला मोजलेले असतात, वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्का कमी होतात, मे महिन्यात काच ६५ अंशाला गेली की १६ टक्के गेलेच. त्यात विहिरीची पातळी खाली गेलेली, म्हणजे तेवढंच पाणी जास्त उंच उचलायचं, वरून काचेवर धूळ. धूळ पहाटे काच गार असताना धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते.