पोट त्याचं आहे

"मावशी, माझा मुलगा सोळा वर्षांचा. चार वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिसनं, म्हणजे मोठ्या आतड्याला आतनं जखमा होण्याच्या आजारानं, हैराण होता. पाच आठवड्यांपूर्वी मोठं आतडं काढलं, पोटावर तात्पुरती पिशवी आहे. पिशवी मीच बदलते, रात्री त्याच्या खोलीत खाली अंथरूण टाकून झोपते. परवा तो ओरडला, 'आई, हात लावू नकोस मला.' तेव्हापासून धड बोलत नाही. मित्र दारातनं परत जातात. त्याचे बाबा म्हणतात, तालमीतल्या घरातलं पोरगं असं रडतंय काय. माझं काय चुकलं?"
– एक आई, कोल्हापूर

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

बारा वर्षांच्या लेकराला रक्त पडताना, शाळेतनं संडासाला पळताना बघितलंस. कुठलीही आई अशीच चिकटून राहिली असती. पण पत्र दोनदा वाचलं आणि एक जाणवलं. बदलते मी, झोपते मी. सगळी कामं तुझी. त्याच्या वाट्याला नुसतं पडून राहणं आलंय. सोळाव्या वर्षी पोरगं आंघोळीला जाताना आतनं कडी लावतं गं. त्या वयात आईसमोर रोज पोट उघडं टाकायचं म्हणजे काय होत असेल त्याला! तो ओरडला ते मला बरं लक्षण वाटतं. हे पोट माझं आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.

तेव्हा पिशवी त्याच्या हातात दे. एकदम नको. सकाळी काही खाण्याआधी बदलायला बसा, तेव्हा आतनं कमी येतं. त्याला आरसा दे, तू फक्त कोमट पाणी आणि मऊ कापड घेऊन शेजारी बस. पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, स्टोमा म्हणतात ते, ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल, ओलसर असतं. त्याला हात लागला तरी दुखत नाही, हे त्याला स्वतःच्या बोटानं कळू दे. मापाचा कागद लावून पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापणं त्याचं काम. सूज उतरेल तसं पहिल्या दोन महिन्यांत ते तोंड बारीक होतं, म्हणून माप पुनःपुन्हा घ्यायचं. भोक मोठं राहिलं की मल कातडीला लागतो आणि आग होते. पहिल्यांदा वाकडं लागेल, गळेल, चादर खराब होईल. होऊ दे. तोंडातनं "आण इकडं" निघू देऊ नकोस. स्टोमा नर्सकडं जाल तेव्हा तिनं त्याच्याशी बोलू दे, तू बाहेर बाकावर थांब.

आणखी एक. मागच्या वाटेनं त्याला अधूनमधून शेंबडासारखं चिकट काही पडत असेल. या ऑपरेशननंतर ते होतं. पोरं घाबरतात आणि लाजेनं बोलत नाहीत. तू विचारू नकोस, नर्सला त्याला सांगायला लाव.

मोठं आतडं नाही म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ पटकन जातं. नुसतं पाणी पीत राहिला तर उलट पिशवी जास्त भरते. ओआरएस, मीठ घातलेलं ताक, मऊ भात, केळं चालू ठेव. मिसळ सध्या नको. मटकीची सालं, मक्याचे दाणे, ओल्या नारळाचे तुकडे अडकू शकतात. पिशवीत काहीच येईना आणि पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या, किंवा ते तोंड काळंनिळं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना. स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही बंद करायची नाही. ही यादी मात्र त्यालाही पाठ हवी.

भेटायला येणाऱ्यांच्या वागण्याचं मला फार वाईट वाटतं. शहाळी घेऊन येतात आणि "बघू दाखव कसं आहे ते" म्हणतात. त्यांना उंबऱ्यावरच थांबवायचं काम मिस्टरांना दे. त्यांना काहीतरी करायचंय गं, काय करावं ते सुचत नाही म्हणून ते तालमीचं बोलतात. वस्तादसुद्धा दुखावलेल्या पैलवानाला लगेच लाल मातीत उतरवत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. अजून काही आठवडे जड काही उचलायचं नाही, नाहीतर हर्निया व्हायची भीती असते. संध्याकाळी रंकाळ्यावर दोघं बापलेक चालत जाऊ देत, बोलले नाहीत तरी चालेल.

मित्रांना काय सांगायचं ते तो ठरवेल. एकालाच सांगेल, किंवा "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच म्हणेल. तू परस्पर सांगू नकोस, त्याच्या मित्राच्या आईलाही नाही. पेठेतलं पोरगं आहे, शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जावंसं वाटेलच. निघण्याआधी पिशवी रिकामी करायची, तिथं एक तृतीयांश भरली की पुन्हा. सॅकमध्ये भोक कापलेली जादा पिशवी, ओले टिश्यू, एक पँट. बसायला जिन्याजवळची जागा. सॅक त्यालाच भरू दे.

आणि रात्रीचं. चादरीखाली मेणकापड घाल, उशाशी जादा पिशवी आणि बॅटरी ठेव. त्याला सांग, "लागलं तर हाक मार, मी बाहेरच्या खोलीत आहे." मग तुझं अंथरूण उचल. दार त्याला लावू दे.