पाखाडी, पेज आणि पावडरचा डबा

या खेपेच्या पत्रांत चालणं, भात आणि गावात मागे राहिलेली माणसं हेच पुन्हापुन्हा येत होतं. चार पत्रं घेते. नावं काढली आहेत, तालुके ठेवले आहेत.

डॉक्टर बाई, मी निवृत्त शिक्षक, वय ६६. मुलाने ठाण्याहून मनगटाला बांधायचं घड्याळ पाठवलंय. ते रोज दहा हजार पावलं मागतं. माझी पाच हजारांच्या वर जात नाहीत, पावसात तेवढीही नाहीत. आमचं घर पायऱ्यांच्या पाखाडीच्या खाली आणि दुकान वर. मुलगा रात्री फोनवर आकडा विचारतो, तेव्हा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा मी उभा राहतो. दहा हजार खरंच लागतात का? (गुहागर)

नाही, गुरुजी. तो आकडा आधी जाहिरातीत आला, संशोधन मागाहून. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, त्या हवेत १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि ‘दहा हजार पावलांचं मीटर’ याच नावाने विकलं. आकडा गोल होता, लक्षात राहिला.

मोजमाप करून पाहिलं तेव्हा काय दिसलं? अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ बायकांची पावलं यंत्र लावून आठवडाभर मोजली आणि पुढे चारेक वर्षं त्यांची खबर ठेवली. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांपर्यंत फायदा वाढत गेला, नंतर थांबला. यात एक खोच आहे. जी आधीच आजारी ती कमीच चालणार, त्यामुळे ‘चालल्या म्हणूनच जगल्या’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही पाच हजारांना लाज वाटण्याचं कारण नाही.

शिवाय तुमचं घड्याळ पाखाडीची पायरी आणि सपाट डांबरी रस्ता एकाच भावाने मोजतं. हृदय तसं मोजत नाही. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास छापला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. (आपल्या लाल गाडीला जिना नाही, पण घाटाच्या वळणांवर उभ्याने तिकिटं फाडणं काही सोपं नाही.) मला मॉरिस आवडतात ते त्यांनी पुढे जे केलं त्यामुळे. १९५६ साली त्यांनीच गणवेशाच्या पँटींची मापं काढली, तर तरुण ड्रायव्हरांच्या कंबराही कंडक्टरांपेक्षा मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येईना. आपल्याच निष्कर्षाला असा चिमटा काढणारे कमी. हालचालीची बाजू पुढच्या अभ्यासांनी भक्कम केली, ती वेगळी गोष्ट.

तर पाखाडी चालू ठेवा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की ती मध्यम मेहनत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ती आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आहे. पासष्टीनंतर तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, हे घड्याळ सांगत नाही म्हणून मी सांगते. पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवर आकड्यासाठी जाऊ नका, या वयात खुब्याचं हाड मोडणं फार महाग पडतं. पडवीत फेऱ्या मारा आणि खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. चढताना छाती भरून आली तर मात्र थांबा आणि लगेच दाखवून या.

बाई, आमच्या ह्यांची तीन महिन्यांची साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, भात बंद. हे अंगाने काटकुळे, वय ४९, आपल्याच आंब्याच्या बागेत असतात. सासूबाई म्हणतात, भात नाही तर माणूस जेवला कसा? मी नाचणीची भाकरी सुरू केली, तर दोन भाकऱ्या खाऊन वर भात मागतात. (देवगड)

बागेत असतात म्हणजे तिथे काय करतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. फवारणी, आंबे उतरवणं, पेट्या भरणं ही कामं आता कितीतरी बागांत नेपाळी गडी करतात आणि मालक बाइकवरून येऊन देखरेख करतो. सासूबाईंच्या तरुणपणी ताटात भाताचा डोंगर असायचा, पण तो खाणारा चिखलात नांगर धरायचा. नांगर गेला, डोंगर राहिला.

काटकुळेपणाचा भरवसा धरू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडचा माणूस दिसतो बारीक आणि चरबी पोटात बाळगून असतो. टेप घ्या, श्वास सोडून झाल्यावर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. तुमचीही मोजा, बायकांसाठी मर्यादा ८०. देवगडहून गोवा काही लांब नाही, आणि २०२३ साली छापलेल्या देशव्यापी ‘इंडिऍब’ पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच निघालं, २६.४ टक्के.

आता नाचणी. कॅल्शियमसाठी ती उत्तमच. पण याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ साली आला, त्यात भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं. पांढऱ्या भाताऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं आणि एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसली नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यं, दूध, अंडी किंवा मासे यांची प्रथिनं आणली, तिथे ती कमी दिसली. हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, पण तुमच्या घरातल्या भांडणाचा निकाल त्यात आहे. भाकरी आणि भात यांतलं एक काहीतरी. दोन्ही नाही.

म्हणून भात बंद करू नका, मूद लहान करा. आधी भाजी आणि बांगडा किंवा पेडवे खाऊन होऊ देत, भात शेवटी येऊ दे. मासळी आहे तोवर हे सोपं जातं. अडचण पावसाळ्यात येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मागोमाग श्रावण, आणि ताटात भात नि पातळ कुळथाची पिठी एवढंच उरतं. कुळथात शंभर ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम प्रथिनं आहेत हे खरं, पण अख्ख्या घराच्या पिठीत पीठ पडतं दोन-तीन चमचे. त्यापेक्षा मोड आलेल्या कुळथाची घट्ट उसळ करा, वाल करा, चालत असेल त्या दिवशी अंडी. टाकळा आणि कुरडू या रानभाज्या तर बांधावर फुकट उगवतात. जेवल्यावर ह्यांना लगेच आडवं होऊ देऊ नका, पंधरा मिनिटं चालवा, जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते. गोळ्या सुरू असतील तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर एकदम उतरेल. सासूबाईंशी वाद घालू नका. मूद पडलेली दिसली की त्यांचं समाधान होईल.

माझं प्रेशर वाढलंय. खारवलेला बांगडा आणि सुकं सोडायचं का? (मालवण)

खारवलेला बांगडा सणासुदीपुरता ठेवा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक लहान चमचा सपाट भरून. बांगड्याची एक तुकडी, लोणचं आणि पापड यांतच त्याचा मोठा भाग संपतो. मीठ न लावता उन्हात वाळवलेला जवळा किंवा सुकट मिळते, ती विचारून घ्या. खारं खायचंच तर पाणी बदलत भिजवा. ‘कमी सोडियमचं मीठ’ मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

माझी आई ७४ वर्षांची, गावच्या घरात एकटी. मी डोंबिवलीत. गणपतीला गेले तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पेज नि लोणचं, रात्री ‘भूक नाही’. दोन वेळा प्रोटीन पावडरचे डबे पाठवले, तिने फोडलेच नाहीत. ओरडावं तरी किती? (मूळ राजापूर)

ओरडणं थांबवा आणि आधी तपासण्या करून घ्या. नकळत वजन उतरणं हे लक्षण आहे. दात, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, छातीचा एक्स-रे, आणि मन उदास आहे का हेही. यातलं बरंचसं तालुक्याच्या ठिकाणी होतं. पेज वाईट नाही, पण पेजेवर माणूस या वयात टिकत नाही. स्नायू झिजतात, मग पाय लटपटतात.

तपासण्या ठीक आल्या तर मला संशय एकाच गोष्टीचा आहे. एका माणसासाठी चूल कोण पेटवणार? २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासली गेली. ज्यांचे संबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने जगातला सहातला एक माणूस एकाकी असल्याचं सांगितलं. आपल्या वाड्यांत हिंडले की मला हे प्रमाण कमीच वाटतं. दहा घरांपैकी सहांना कुलूप आणि उरलेल्या चारांत एकेक म्हातारी, अशा वाड्या तुम्हीही पाहिल्या असतील.

शेजारी चूल पेटत असेल तर तिथे पैसे द्या, स्पष्ट बोलून, उपकार म्हणून नाही. रोज दुपारी एक वाटी उसळ किंवा माशाचं कालवण, आणि शक्यतो आईने तिथेच जाऊन जेवायचं. शेजारणीच्या पोराला संध्याकाळी आजीकडे अभ्यासाला पाठवायला सांगा. त्याला अंडं उकडून देताना ती स्वतःसाठीही एक टाकेल. पेजेत मूठभर मूग टाकायला सांगा, ते तिला परकं वाटणार नाही. तुमचा फोन जेवणाच्या वेळी करा, ताट समोर असताना, आणि वाडीतल्या भानगडी विचारा, औषधं विचारू नका.

पावडरचे डबे डोंबिवलीला परत न्या. तुम्हीच प्या, सकाळी उपाशीपोटी लोकल पकडता असं माझ्या कानावर आहे.