ओपन फाइल नाही, फक्त पीडीएफ आहे: दुसऱ्या आवृत्तीचं आणि ई-पुस्तकाचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की १६० पानी कादंबरीच्या ५०० प्रती संपल्या, आता दुसरी आवृत्ती आणि किंडलवर ई-पुस्तक काढायचंय, पण डीटीपीवाल्याने फक्त पीडीएफ दिली आणि तिच्यातून मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. वाचताक्षणी ओळखलं. पूर्ण पैसे देऊन फक्त पीडीएफ घेण्याची चूक माझीही झाली. ओपन फाइल, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती मांडणीची मूळ फाइल, मागितल्यावर आधी ‘ती आम्ही देत नाही’, आणि वर्षाने ‘संगणक फॉरमॅट केला’ असं उत्तर मिळालं. छपाईत काही बिघडलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं.

पीडीएफ खराब झालेली नाही. पुस्तक बहुतेक जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये लावलंय. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कागदावर सगळं उत्तम दिसतं, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. म्हणून किंडल, शोध, शब्दतपासणी, काहीच चालत नाही.

आधी पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा आणि प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. ‘श्री-देव’ आणि पुढे आकडा असेल तर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट. ‘डीव्हीबी’ने सुरू होणारं नाव असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमधला फॉन्ट. मंगल, कोकिला, मुक्ता, शोभिका दिसलं तर युनिकोड आहे, मग कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) लागत नाही; मूळ फाइल मिळाली तर उत्तम, नाहीतर थेट खालच्या ओसीआरकडे (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) वळा.

जुना फॉन्ट निघाला तर डीटीपीवाल्याकडे पुन्हा जा, लागले तर वेगळे पैसे द्या, पण पेजमेकर, इनडिझाइन किंवा कोरल, ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावली असतील त्याची मूळ फाइल मिळवा. फॉन्टचं नाव आकड्यासकट लिहून घ्या आणि मुखपृष्ठाची फाइल लेयर्ससकट घ्या. मूळ फाइलमधून मजकूर परिच्छेदांसकट बाहेर येतो. पीडीएफमधून घेतला तर प्रत्येक ओळ तुटते, आणि पीडीएफमध्ये पूर्ण फॉन्टऐवजी वापरलेल्या अक्षरांपुरता तुकडाच भरलेला असेल तर अक्षरांचे आतले कोडही बदललेले असू शकतात, मग कन्व्हर्टर हात टेकतो.

कन्व्हर्टर त्याच फॉन्टकुळाचा हवा. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेव या वेगळ्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमध्ये टाकून काही हाती लागत नाही. सगळं पुस्तक एकदम टाकू नका. ‘निर्मिती’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘शृंगार’, ‘ज्ञान’, ‘कॉफी’, ‘ॲप’ असे शब्द असलेलं एक पान आधी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये हा क्रम उलटवावा लागतो. ‘निर्मिती’मध्ये दोन्ही एकत्र येतात, म्हणून तिथे कन्व्हर्टरची खरी परीक्षा होते. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं असेल तर शोधा-बदला वापरून दुरुस्त होतं, पण सरसकट करू नका, नाहीतर ‘सूर्या’चंही ‘सूऱ्या’ होईल.

मूळ फाइल मिळालीच नाही तर ओसीआर. छापील प्रत ३०० डीपीआयला स्कॅन करा किंवा पीडीएफच्याच पानांच्या प्रतिमा करा, आणि गूगल ड्राइव्हमध्ये थोडीथोडी पानं डॉक्समध्ये उघडा. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर सॉफ्टवेअरही मराठी वाचतं. अनुस्वार गळतात, घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल होते, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तुटलेलेच राहतात. मुद्रितशोधन एकट्याने करू नका, निदान लेखकाने तरी नाही, कारण आपल्याला आपलं वाक्य पाठ असतं. एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर बघावं. ४०-४५ हजार शब्दांना वेळ लागतो, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

नवी मांडणी पेजमेकरमध्ये करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ ही सेटिंग चालू हवी, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. भाषा ‘मराठी’ निवडायला सांगा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे येतात. अनेक मराठी पुस्तकांत आज हिंदी वळणाचा ल दिसतो आणि ते मला खरंच खटकतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, स्वतःच्या नावावर घ्या. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो फुकट देते, अर्ज ऑनलाइन होतो. पुस्तक काढून देण्याच्या ‘पॅकेज’मध्ये नंबर देणाऱ्यांच्या नोंदीत बहुधा प्रकाशक म्हणून तेच राहतात. मजकूर तोच असेल तर तुमची ‘दुसरी आवृत्ती’ खरं तर पुनर्मुद्रण आहे, जुनाच नंबर चालतो. मजकुरात मोठे बदल केलेत तर नवा. ई-पुस्तकाला छापील पुस्तकाचा नंबर देऊ नका. किंडलला आयएसबीएन नसला तरी चालतं.

किंडलवर युनिकोडमधली वर्ड किंवा ईपब फाइल द्या, पीडीएफ नको. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी (किंडलवर पुस्तक टाकायची ॲमेझॉनची सेवा) मधली ‘सिलेक्ट’ योजना घ्यावी लागते, आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. गूगल प्लेवरही टाकायचं असेल तर हे आधी ठरवा.

छापील किमतीबद्दल माझं मत: निर्मितीखर्चाच्या चौपट ठेवा. प्रत ७० रुपयांत पडली तर २८०. वितरकाने ४५ टक्के कापले की हातात १५४ येतात, त्यातून ७० खर्च, वाहतूक आणि परत येणाऱ्या मळक्या प्रती भागवायच्या. १५० किंमत ठेवून वाचकांवर उपकार करायला जाल तर वितरकाला देण्याजोगं काही उरणार नाही. थेट विक्रीसाठी टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा बघा. ती मे २०२५मध्ये सुरू झाली, तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर असा दर होता. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं, आणि पुस्तक तिच्या नियमांत बसतं का ते पोस्टात विचारून घ्या.

डीटीपीच्या फाइलवर कायद्याने हक्क कुणाचा, यावर मी ठाम बोलणार नाही, मी वकील नाही. मजकूर तुमचा आहे, पण फाइलचं काय हे बोलीवर सोडलं की वाद होतो. यावेळी कार्यादेशात लिहून घ्या: मांडणी युनिकोडमध्ये, ओपन फाइल फॉन्टच्या नावासकट, आणि शेवटचा हप्ता ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावर.

फॉन्टच्या यादीत काय नाव दिसतंय ते इथे लिहा, म्हणजे कुठला कन्व्हर्टर लागेल ते सांगता येईल.