गिल्बर्ट हिल आणि वज्रेश्वरी, दोन्ही एकाच दिवसात

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून येणारे आईबाबा आणि अकरा वर्षांची मुलगी बरोबर आहेत, स्वतंत्र गाडी आणि गाइड करायची तयारी आहे, तर दादरहून सकाळी निघून ज्वालामुखीचे खडक आणि गरम पाण्याची कुंडं एका दिवसात होतील का? आणि वज्रेश्वरीच्या खाली अजून ज्वालामुखी धुमसतोय हे खरं का?

फेरी आरामात होते. ज्वालामुखी मात्र धुमसत नाही, आणि हे आधी सांगतो, कारण सगळ्या दिवसाची मजा यावर आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या गाइडने कुंडाशी उभं राहून खाली लाव्हा उकळतोय असं सांगितलं. माझा मुलगा रात्री झोपेना, आपलं घर फुटेल म्हणून. तेव्हापासून मी गाइड ठरवताना फोनवर एकच प्रश्न विचारतो: पाणी गरम कशामुळे? उत्तरात ज्वालामुखी आला की मी दुसरा माणूस शोधतो. भूगोल किंवा भूशास्त्र शिकवणारे, शनिवार-रविवारी लोकांना हिंडवणारे शिक्षक मुंबईत मिळतात. थोडी विचारपूस करा.

सकाळी सहाला निघून आधी अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल. गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवावी लागेल. काळ्या बसाल्टचा हा ६१ मीटर उंच सुळका सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. वर गावदेवीचं देऊळ आहे आणि खडकात कोरलेल्या पायऱ्या खड्या आहेत. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना चढवू नका. खरं बघण्यासारखं खालूनच दिसतं: एकमेकांना चिकटून उभे असलेले कोनदार खांब. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळला की कसा तडकून त्याचे तुकडे होतात, तसा लाव्हा थंड होताना आकसला आणि तडे पृष्ठभागापासून आत आत गेले. मुलीला एका खांबाच्या कडा मोजायला सांगा. पाच-सहा येतील. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरचे फोटो आपण कौतुकाने बघतो. त्याच जातीची रचना इथे इमारतींच्या गराड्यात उभी आहे. आजूबाजूचा बराच खडक खाणींनी खाल्ला, २००७ साली महापालिकेने हिला वारसा दर्जा दिला, तरी पायथ्याशी कचरा दिसतोच. मला दर वेळी वाईट वाटतं.

कान्हेरी याच दिवसात घालू नका. लेणीही ज्वालामुखीच्याच खडकात आहेत, पण शंभराहून जास्त आहेत आणि पाण्याच्या पोढी, म्हणजे खडकात कोरलेली टाकी, बघायला सवड हवी. तिथे वेगळा दिवस द्या, सोमवार सोडून.

अंधेरीहून अहमदाबाद हायवे धरा, वसईची खाडी ओलांडा आणि शिरसाड फाट्याला उजवीकडे वळा. वज्रेश्वरीचं देऊळ, तानसा नदीकाठची अकलोलीची कुंडं आणि गणेशपुरी हे सगळं जवळजवळ आहे. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर देऊळ बांधलं गेलं. पायऱ्या ५२ आहेत, पण सावकाश चढता येतात. देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताचं हे ऊन पाणी, अशी कथा तिथे ऐकायला मिळेल. मुलीला तीही ऐकू द्या.

आता खरं कारण. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. म्हणजे ४५-५० अंशांचं पाणी मिळायला ते निदान किलोमीटरभर तरी खाली जाऊन यायला हवं. तापलं की हलकं होतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. तो जुना लाव्हा केव्हाच निवला. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. आपल्याकडे त्यांना उन्हाळं म्हणतात. उन्हेरे, उन्हवरे ही गावांची नावंसुद्धा तीच गोष्ट सांगतात. भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर आहे. तो १९९१ साली पुन्हा जागा झाला.

कुंडात उतरताना आधी हात बुडवून बघा, कारण प्रत्येक कुंडाचा ऊनपणा वेगळा असतो. दहा मिनिटं पुरे. माझे वडील रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. एकदा ते वीस मिनिटं बसले आणि उठताना भोवळ येऊन काठावर टेकले. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, एकदम उभं राहिलं की दाब उतरतो. म्हणून बाबांना आधी काठावर बसवून पाय सोडू द्या, वर येताना हात द्या, आणि हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. भरल्या पोटी उतरू नका, जेवण नंतर. साबण-शाम्पू घरीच ठेवा, ते पाणी शेवटी तानसेतच जातं. दगड शेवाळाने निसरडे असतात, तेव्हा मुलीला रबरी तळव्याच्या चपला द्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात तानसा फुगली की नदीकाठची कुंडं पाण्याखाली जातात. नवरात्र आणि रविवार टाळा.

गणेशपुरीहून चारच्या आत निघा, नाहीतर घोडबंदरच्या वाहतुकीत दोन तास जातील. गाडी ठरवताना पूर्ण दिवसाचं बोला आणि टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता धरून रक्कम आधीच लिहून घ्या. गाइडला अंधेरीलाच गाडीत घ्या. गिल्बर्ट हिल त्याच्याशिवाय बघितली तर मुलीला नुसता काळा डोंगर दिसेल.