पॅड वाटण्याआधी संडासाची कडी बघा

ताई, तुमच्या महिला मंडळाने २०,००० रुपये जमवलेत आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तीन मराठी शाळांतल्या साठेक मुलींना पॅड वाटून ८ मार्चला व्याख्यान ठेवायचं म्हणताय. पैसे पुरेसे आहेत, क्रम बदला. घरात पॅड असूनही मुली पाळीत घरी राहतात, कारण शाळेत ते बदलायला जागा नसते.

आधी मुख्याध्यापक आणि एसडीएमसीशी (शाळेच्या विकास व देखरेख समितीशी) बोला, मग मधल्या सुट्टीत मुलींच्या संडासात जाऊन दार लावून बघा. कडी आतून लागते का? पाणी आत आहे, की सगळ्यांच्या देखत नळावरून बादली आणावी लागते? खुंटी नसेल तर पिशवी ओल्या फरशीवर ठेवावी लागते आणि आतला पॅड तिथेच वाया जातो. कडी, दोन खुंट्या, बादली-मग, साबण आणि पायाने उघडणारा झाकणाचा डबा, एवढं एका संडासाला दोन हजारांच्या आत बसतं. उघडा डबा अजिबात नको. कुत्री ओढून मैदानभर करतात, आणि त्यानंतर एकही मुलगी त्यात काही टाकत नाही. मग पॅड भांड्यात जातात, तिथे फुगून बसतात आणि संडासच बंद पडतो. पॅड गुंडाळायला डब्याशेजारी वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे ठेवा. डबा कोण आणि कोणत्या वारी रिकामा करणार, हे ग्रामपंचायतीकडून आधीच ठरवून घ्या. ग्रामपंचायतीची कचरागाडी (स्वच्छ वाहिनी) येत असेल तर गुंडाळलेले पॅड वेगळे द्या. शाळेमागे जाळू नका. प्लास्टिकचा थर अर्धवट जळतो आणि विषारी धूर वर्गात येतो. पुरूनही तो थर कुजत नाही.

पॅडसाठी कर्नाटक शासनाची ‘शुची’ योजना आहे, १० ते १९ वयाच्या मुलींना मोफत. मध्ये काही वर्षं ती बंद होती, म्हणून तिच्यावरच विसंबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात मागणी नोंदवा, आणि शाळेत अडीअडचणीची पेटी ठेवा. तिन्ही शाळा मिळून महिन्याला ६० पॅड सुरुवातीला पुरतात. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक मिळतो, म्हणजे दहा महिन्यांचे ६०० रुपये. पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात गेली की संपली. मागायला कोण जाणार? बाईंकडे आणि आठवीतल्या दोन मुलींकडे द्या. प्राथमिक शाळेत सातवीतल्या मुली सांभाळतील.

माहिती पाचवीपासून द्या, काहींना दहाव्या-अकराव्या वर्षीच न्हाण येतं. आणि मराठीतच द्या. आरोग्य खात्याची कन्नड पत्रकं बऱ्याच मुलींना नीट वाचता येत नाहीत. भाषण नको, खरी निकर घेऊन पॅड लावून दाखवा: कागद काढायचा, चिकट बाजू कापडाला, पंख खालून दुमडायचे. चिकट बाजू अंगाकडे लावणाऱ्या मुली असतात, कारण त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, डाग कमी असला तरी. प्रश्न चिठ्ठीवर मागवा, कोऱ्या चिठ्ठ्याही टाकायला लावा, म्हणजे कुणी लिहिलं ते कळत नाही.

कापड वापरणाऱ्यांना नावं ठेवू नका. सुती कापड चांगलंच. बिघडतं ते वाळवण्यात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात घडी साडीखाली लपवून टाकली की दोन दिवसांनीही आत ओल राहते, कुबट वास येतो, तेच परत घेतलं की खाज सुटते. पाच-सहा तुकडे हवेत. आधी गार पाण्यात धुवायचे, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, आणि उघड्यावर ऊन. ऊन नसेल तर पूर्ण कोरडं होईपर्यंत गरम इस्त्री. हे आयांना सांगा, कारण दोरी त्यांच्या हातात असते.

सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणं, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, शाळा बुडेल इतकं पोट दुखणं, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी न येणं, यात ‘होईल बरं’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. शाळेतली आठवड्याची निळी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. शी काळी होते म्हणून मुली ती गुपचूप फेकतात. तसं होणारच, हे गोळी देतानाच सांगा.

पॅड हातात धरलेल्या मुलींचे फोटो काढू नका, देणगीदाराने मागितले तरी.

८ मार्चही सोडा, परीक्षा तोंडावर असतात. पहिली फेरी जूनमध्ये घ्या, दुसरी ऑगस्टच्या पावसात, आणि तेव्हा आधी डबा उघडून बघा.