सासूबाईंची उदबत्ती आणि नातवाचा इनहेलर

कॅनडातल्या मिसिसागाहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणाली आहे म्हणून देत नाही. पत्र मोठं आहे, मी थोडं कापून तिच्याच शब्दांत देते.

"ताई, सासूबाई नोव्हेंबरपासून आमच्याकडे आहेत. घर भरल्यासारखं वाटतं, मुलगा मराठी बोलायला लागलाय, सगळं छान आहे. पण रोज सकाळी दोन, संध्याकाळी दोन उदबत्त्या आणि मंगळवारी-शुक्रवारी धूप. आमचा दोन बेडरूमचा कॉन्डो, बाहेर मायनस अठरा, खिडक्या बंद. मुलगा पाच वर्षांचा, त्याला दमा आहे, इनहेलर चालू आहे आणि रात्रीचा खोकला वाढलाय. मागच्या शुक्रवारी धुराचा अलार्म वाजला, मी घाबरून मेन दार उघडलं तर कॉरिडॉरचा पण वाजला, मग सगळ्या बिल्डिंगचाच, फायर ट्रक आला. ह्यांनी सांगून टाकलं की आजपासून घरात काही जाळायचं नाही. तेव्हापासून आई पूजाच करत नाहीयेत, नुसत्या देवापुढे हात जोडून उठतात. जेवण कमी झालंय. मी मधल्यामधे. काय करू?"

अगं, पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकते, मुलाचा खोकला. दमा असलेल्या लेकराच्या घरात, बंद खिडक्यांत रोज चार काड्या हे चालणार नाही. उदबत्तीचा धूर देवासाठी असला तरी तो धूरच आहे, त्यात बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, बेंझीन आणि फॉर्मल्डिहाइडसारखे वायू असतात, आणि हे कण इतके सूक्ष्म की सरळ फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे ह्याच बारीक कणांसाठी, चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, आणि बंद खोलीत एक काडी लावली तरी काडी जळत असताना तिथल्या हवेचा आकडा त्याच्या कितीतरी वर जातो. घरात एअर प्युरिफायर असेल तर त्याचा दिवा लाल होताना तू बघितलाच असशील. "धुराने हवा शुद्ध होते" असं फॅमिली ग्रुपवर फिरत असतं, ते मनातून काढून टाक. वास छान होतो, हवा शुद्ध होत नाही. खोकला वाढलाय हे डॉक्टरांना सांग आणि घरात उदबत्ती लागते हेही सांग, आपले लोक हे सांगायला विसरतात किंवा लाजतात आणि मग नुसता इनहेलरचा डोस वाढत जातो.

आता दुसरी बाजू. तुझ्या नवऱ्याचं बरोबरच होतं, पण त्यानं ते ज्या पद्धतीनं सांगितलं त्यात आईंना काय ऐकू आलं असेल बघ. "काही जाळायचं नाही." चाळीस-पन्नास वर्षं रोज हातानं केलेली पूजा, ती एका वाक्यात "जाळणं" झाली. त्या रुसल्या नाहीयेत गं, त्यांना असं वाटलंय की पूजा अर्धी राहते, आणि अर्धी करण्यापेक्षा न केलेली बरी. मला हे ओळखता येतं कारण माझी आई पहिल्यांदा इंग्लंडला आली तेव्हा आमच्या घरमालकाच्या भीतीनं मी तिला उदबत्ती लावू दिली नव्हती, ती काही बोलली नाही, तीन महिने राहिली आणि परत जाताना विमानतळावर म्हणाली, "तुझ्या घरात मला संध्याकाळ झालेली कळायचीच नाही." ते वाक्य अजून माझ्याबरोबर आहे.

संध्याकाळ झालेली कळणं, बघ, हेच तर उदबत्तीचं काम आहे आपल्याकडे. दिवेलागण, सांजवात, शुभंकरोति, आणि त्याच वेळी तो वास. पंढरपुरात विठोबाचा दिवस काकड आरतीनं सुरू होतो, संध्याकाळी धूपारती आणि रात्री शेजारती, शिर्डीलाही सूर्यास्ताच्या वेळची आरती ती धूपारतीच. घड्याळ नव्हतं तेव्हा वासानं वेळ कळायची. आणि इथे मिसिसागात जानेवारीत साडेपाचलाच अंधारायला लागतं, सकाळी सातला पण काळोख, नातू शाळेत, तुम्ही दोघं कॉलवर, अशा घरात त्यांच्या दिवसाला धरून ठेवणाऱ्या दोन गोष्टी होत्या, एक सकाळची पूजा आणि एक सांजवात. म्हणून बंद कर असं म्हणू नकोस. धूर कमी करायचा आणि पूजा पूर्ण ठेवायची, हे जमतं, आणि ते आपल्या शास्त्रातच बसतं, बाहेरून काही आणायला नको.

धूप हा उपचार आहे, म्हणजे पूजेत देवाला वाहायची एक सेवा. पंचोपचारांत गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, आणि मानसपूजेत ह्या पाचांना पाच तत्त्वं जोडलेली आहेत: गंध पृथ्वीचा, फूल आकाशाचं, धूप वायूचा, दिवा अग्नीचा, नैवेद्य जलाचा. धूप वायूचा, कारण वास वाऱ्यावरून जातो. आणि धूप दाखवताना आपण जो श्लोक म्हणतो, "वनस्पतिरसोद्भूतो गन्धाढ्यो गन्ध उत्तमः, आघ्रेयः सर्वदेवानां धूपोऽयं प्रतिगृह्यताम्", त्याचा अर्थ आईंबरोबर बसून एकदा लाव. वनस्पतीच्या रसातून, म्हणजे डिंकातून-राळेतून झालेला, सुगंधानं भरलेला, सगळ्या देवांनी हुंगावा असा हा धूप, तो घे. आघ्रेय म्हणजे हुंगण्याजोगा. ह्यात किती धूर, किती वेळ, काडी संपेपर्यंत जळायलाच हवी असं काही नाही. तू ती देवाला ओवाळलीस, देवानं वास घेतला, उपचार पूर्ण झाला. मग पुढचा अर्धा-पाऊण तास ती काडी कोणासाठी जळते? फक्त सवय म्हणून.

आणि अजून एक, आईंना हे माहीतच असेल पण राग आला की माणूस विसरतो. पूजेत एखादा उपचार हाताशी नसला की आपण काय करतो? अक्षता वाहतो. वस्त्र नाही, अलंकार नाहीत, "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि". तसंच मुलाला फार त्रास होत असेल त्या दिवशी धूपाच्या जागी अक्षता. पूजा अर्धी राहत नाही, गुरुजी सुद्धा हेच करतात. मी स्वतः वर्षातले बरेच दिवस असंच करते.

हे सांगायचं कोणी? नवऱ्यानं. तू नाही. सुनेनं सांगितलं की त्याचं दुसरंच काहीतरी होतं, सगळ्या घरात होतं, त्यात तुझा किंवा त्यांचा दोष नाही. त्यानं एका संध्याकाळी आईंशेजारी बसावं, आधी "त्या दिवशी माझं बोलणं चुकलं" म्हणावं, मग नातवाचा इनहेलर आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, दाखवून तो कसा घेतो ते समजवावं, आणि मग विचारावं, "आई, ह्याला त्रास न होता कसं करायचं, तू सांग." त्यानं सांगायचं नाही, विचारायचं. आजी नातवासाठी काय सोडणार नाही?

आता करायचं काय ते. आधी खोकला आवरेपर्यंत, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत, काहीच लावू नका, अक्षता आणि फूल. नंतर डॉक्टरांची हरकत नसेल तर सकाळची एक काडी, तीही तो शाळेत गेल्यावर. काडी आधीच कात्रीनं कापून तिचा बोटभर तुकडा घ्या, किंवा सगळी लावून ओवाळून झाली की टोक वाटीतल्या रक्षेत किंवा वाळूत दाबून विझवा, उरलेली उद्याला होते (तोंडानं फुंकायची नाही हे आई सांगतीलच). खिडकी दहा मिनिटं दोन बोटं उघडा, मायनस अठरातही दहा मिनिटांनी घर गार पडत नाही. किचनमधला हुड लावून काम होईल असं समजू नकोस, बऱ्याच कॉन्डोत तो हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत घरातच सोडतो. प्युरिफायर असला तर हेपा फिल्टरनं कण कमी होतात पण वायूंना तो पुरत नाही, त्यामुळे प्युरिफायर आहे म्हणून चार काड्या असं नको.

संध्याकाळी मुलगा घरात असतो तेव्हा उदबत्ती-धूप नको, नुसती तुपाची किंवा तेलाची लहान सांजवात, आणि वासासाठी? सहाणेवर चंदन उगाळा. मला खरंच कळत नाही आपण परदेशात येऊन सहाण का विसरलो. छोटी सहाण, चंदनाचं खोड, चार थेंब पाणी, नातवाला उगाळायला बसव, हाताला वास लागतो, देवाला गंध होतं आणि धुराचा प्रश्नच नाही. ताजी तुळस, मोगरा मिळाला तर मोगरा, चिमूटभर बुक्का. दमेकरी मुलांना कधीकधी नुसत्या उग्र वासानंही खोकला येतो, डिफ्यूझर आणि सेंटच्या तेलांनी जास्तच, म्हणून तेही सावकाश, एकेक करून बघायचं. घरात मांजर असेल तर ती तेलं नकोतच, आणि पक्षी असेल तर धूर अजिबात नको.

काडी घ्यायचीच तर कोणती, हे पण खूप जण विचारतात. काळी कोळशाची काडी असते, ती सेंटमध्ये बुडवलेली असते, पाकीट उघडताच नाकात जाते आणि जाळल्यावर डोळे चुरचुरतात, ती घेऊ नका. मसाला काडी घ्या, तपकिरी, खडबडीत, जिच्यात चंदनाची पूड, राळ, नागरमोथा असं काही मळलेलं असतं, न जाळता हुंगली तरी मंद वास येतो. पंढरपूरहून आलेली मिळाली तर आईंचा आनंद वेगळाच. पण मसाला काडीचा धूर पण धूरच, नॅचरल लिहिलंय म्हणून बाळाच्या उशाशी लावायची नाही. आणि बाळावरून आठवलं, बाळंतपणाला आलेल्या आज्या शेक-शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी मागतात. बाळाला धुरी नको, अगदी नको. गावाकडे खोलीला कौलं होती, फटी होत्या, इथे घर डब्यासारखं बंद असतं आणि नुसत्या निखाऱ्यांमधूनच कार्बन मोनॉक्साइड भरतो. मालिश करा, कोमट पाण्यानं न्हाऊ घाला, आजीच्या हाताचं काम तिथे भरपूर आहे.

अलार्मचं सांगते. अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधणारे, सेल काढून ठेवणारे मी आपल्यात पाहिलेत, हात जोडून सांगते, करू नका. देवघर अलार्मपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या, खिडकीजवळ. आणि उदबत्तीच्या धुरानं वाजलाच तर मेन दार उघडू नका, खिडकी उघडा. बऱ्याच बिल्डिंगमध्ये घरातला अलार्म घरापुरता असतो पण धूर कॉरिडॉरमध्ये गेला की तिथला डिटेक्टर सगळ्या बिल्डिंगला उठवतो, तुझं नेमकं तेच झालं.

मनाला शांत वाटतं का, तर वाटतं, मला वाटतं. वासाची वाट मेंदूत आठवणींच्या आणि भावनांच्या भागाला फार जवळून जाते, म्हणून एका क्षणात आजोळचं माजघर डोळ्यांपुढे येतं. २००८ मध्ये बोस्वेलियाच्या, म्हणजे आपल्या सालईच्या कुळातल्या झाडांच्या डिंकातल्या एका घटकावर प्रयोग झाला होता, त्यानं उंदरांची भीती कमी झाली, पण ते औषध टोचून, धूर देऊन नाही, तेव्हा उदबत्तीनं डिप्रेशन जातं असं कोणी पाठवलं तर पुढे पाठवू नकोस. शांत वाटतं ते दोन मिनिटं फोन खाली ठेवून हात जोडल्यानं आणि ओळखीच्या वासानं. तुझ्या मुलाला तो ओळखीचा वास चंदनाचा असू दे, त्याच्या आजीच्या आठवणीला तो पुरेल.

सासरे उन्हाळ्यात येणार आहेत असं लिहिलंयस, त्यांना सामान सांगताना लक्ष ठेव. कापूर बॅगेत नको, तो ज्वलनशील म्हणून विमानाच्या धोकादायक मालात मोडतो, तिथल्या इंडियन दुकानात मिळतो, आणि घरात मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेव, चुकून खाल्ला तर लहान मुलांना झटके येतात. धुपासाठी गोवऱ्या किंवा शेणाची धूपकांडी अजिबात नको. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या आणि त्या नष्ट केल्या, लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीनं. कॅनडातही शेण, माती, झाडपाला ह्याबाबत कडक आहेत, काहीही असलं तरी फॉर्मवर लिहायचं, लपवायचं नाही.

सहाण मात्र जरूर मागव. दगड जड असतो, बॅगेच्या तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळून आणायला सांग. आणि मे महिन्यात खिडक्या उघडायला लागल्या की आईंना एखाद्या शुक्रवारी चिमूटभर ऊद घालावासा वाटेल, तेव्हा बाल्कनीत धुपाटणं ठेवायच्या आधी बिल्डिंगचे नियम वाच, बऱ्याच ठिकाणी बाल्कनीत काही पेटवायला मनाई असते. नियमात बसलं तर मुलगा आत, काचेचं दार लावलेलं, त्याच्या हातात घंटा. काय झालं ते मला लिही.